बुधवारचं अंडं परत द्या: शालेय शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री आणि शालेय शिक्षण विभागातील सर्व अधिकारी,
मंत्रालय, मुंबई.

विषय: शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी या वर्षी पुन्हा सुरू करण्याबाबत.

साहेब, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. गुरुजींना बायकांची नावं हवी होती, त्यात माझं लागलं. सही करून घरी जायचं, एवढंच काम असेल असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. पण आहाराची चव घेऊन चव रजिस्टरमध्ये शेरा लिहायची पाळी आली की ताटात काय पडतंय ते दिसतं. आणि एकदा दिसायला लागलं की गप्प बसवत नाही. म्हणून हे पत्र.

२८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने आपण पोषण आहाराच्या पाककृती सुधारल्या. त्यात अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. अंडी आणि साखर यांसाठी शासन वेगळा पैसा देणार नाही, ज्या शाळेला द्यायचं असेल तिने लोकसहभागातून उभं करावं, असं ठरलं. अंड्यांसाठीची जवळपास ५० कोटींची तरतूद त्या दिवशी संपली. गेलं वर्ष कसंबसं निघालं. आता १६ जूनला नवं वर्ष सुरू झालं, पोरं नव्या वर्गात बसली, आणि पहिल्या आठवड्यापासून एकच प्रश्न आहे, "अंडा पुलाव कधी?" गुरुजी म्हणतात समितीला विचारा, समिती म्हणते केंद्रप्रमुखांना विचारा, आणि केंद्रप्रमुख म्हणतात, तुमच्या समितीनेच ठरवायचंय.

साखरेवरून मी भांडणार नाही. खीर नसली तरी पोरांचं अडत नाही, आणि नाचणी सत्त्व आमच्याकडे कुणी फारसं मिटक्या मारत खाल्लेलं मी पाहिलं नाही. माझं भांडण अंड्यापुरतं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपणच निर्णय काढला होता: आठवड्यातून एकदा, बुधवारी किंवा शुक्रवारी, प्रत्येक मुलाला एक अंडं. उकडून द्या, पुलाव करा नाहीतर बिर्याणी करा. जे खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. २३ आठवडे, आणि अंड्याला ५ रुपये दर. दर तेव्हाही अपुराच होता, वरचे रुपये कुणी खिशातून घातले ते गुरुजींनाच ठाऊक. पण अंडं येत होतं.

ते कसं व्हायचं, ते मंत्रालयातल्या कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे बुधवार धरला होता. सकाळी दुकानातून ट्रे यायचे. स्वयंपाकाच्या मावशी एकेक अंडं पाण्यात सोडून बघायच्या, तरंगलं की बाजूला. मग मोठ्या पातेल्यात मीठ टाकून उकडायची, म्हणजे तडकलं तरी पांढरं बाहेर सांडत नाही. सोलायला दोन बायका लागायच्या, आणि ताज्या अंड्याचं टरफल सुटता सुटत नाही, त्यामुळे तोंडाने शिव्याही चालायच्या. अंडं सुरीने न कापता शिवणकामाच्या दोऱ्याने कापायचं. दोरा फिरवला की बरोबर दोन फोडी, पिवळं जागेवर. भाताला जिरं-मोहरी, कांदा, हळद, आणि पुरवठ्यातून आलेला कांदा-लसूण मसाला. वर दोन फोडी. एवढंच. हे करणाऱ्या मावशींचं मानधन महिन्याला अडीच हजार रुपये आहे, तो विषय या पत्रात मावणार नाही, पण विसरलेला नाही.

आमच्या बाजूच्या मोठ्या गावचा आठवडी बाजार बुधवारी भरतो. त्या दिवशी पूर्वी निम्मे वर्ग रिकामे असायचे, पोरं आईबापांबरोबर बाजाराला. अंडं सुरू झाल्यावर पोरं बुधवारी बाजाराला जाईनात. ही उपस्थिती वाढवायला आपल्या विभागाने किती परिपत्रकं काढली आहेत ती गुरुजींच्या कपाटात आहेत.

या वर्षी पहिल्या आठवड्यात बाईंनी तिसरी ते पाचवीच्या मुलांना 'माझा आवडता पदार्थ' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. समितीच्या बैठकीत त्या वह्या आमच्यापुढे ठेवल्या. बऱ्याच जणांनी पाणीपुरी लिहिली होती, काहींनी मॅगी, दोघींनी पुरणपोळी. एकाने बापाला आवडतं म्हणून मटण लिहिलं होतं, असं त्यानेच कबूल केलं होतं. आणि पाचवीतल्या एका पोराने लिहिलं होतं: शाळेतला अंडा पुलाव. मीठ थोडं जास्त असतं पण आवडतो. घरी आजी करत नाही कारण ती माळकरी आहे.

या पोराचे आईबाप ऊसतोडीला जातात. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. काही गावांत हंगामी वसतिगृह चालतं, बाकीची पोरं आजी-आजोबांकडे राहतात. आजीची तुळशीची माळ, पंढरीची वारी. घरात कांदा-लसूण चालतो, अंडं येत नाही. या पोराला अंडं मिळण्याची जगात एकच जागा होती, ती म्हणजे शाळा. आजीला आम्ही विचारलं होतं, अंडं सुरू झालं तेव्हाच, कारण संमती घ्यायची होती. ती म्हणाली, "शाळेत खा म्हणावं, घरात आणू नको." झालं. कुणाचा धर्म बुडाला नाही.

हे मुद्दाम लिहिते, कारण अंड्याला राज्यात विरोध झाला तेव्हा सगळे वारकरी, सगळे माळकरी एका बाजूला आहेत असं चित्र उभं राहिलं. आमच्या गावात निम्मी घरं माळकरी. त्या घरांतल्या पोरांना केळं मिळायचं. काही पोरं केळ्याची, काही अंड्याची, आणि जी दोन्हीकडे हात मारायची त्यांच्यावर गुरुजींचं लक्ष. गावात यावरून तंटा झाला नाही. ज्याला खायचं नाही त्याच्यावर सक्ती नको हे बरोबरच आहे आणि ते आपल्या पहिल्या निर्णयातच होतं. मग ज्याला खायचंय त्याचं काढून घ्यायची गरज कुठून आली?

पैशाचं म्हणाल, तर हिशोब मांडते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे सामानाचा खर्च १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे झालाय. आधी तो ६ रुपये १९ पैसे होता. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो. या पावणेसात रुपयांत डाळ, कडधान्य, भाजी, तेल, मसाला आणि जळण. दुकानात सुट्टं अंडं ७ रुपयांना आहे. म्हणजे एका अंड्याची किंमत आख्ख्या ताटाच्या सामानाएवढी. 'आहे त्या पैशातच बसवा' असं कुणी सांगत असेल, तर त्या दिवशी डाळ, तेल, भाजी, जळण काहीच नको, कच्च्या तांदळावर अंडं ठेवायचं.

आणि एका अंड्याचं महत्त्व काय, हे आपल्याच नियमात आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. निम्मं तिथेच आलं. २० ग्रॅम डाळीचं वरण मोठ्या पातेल्यात किती पातळ होतं ते चव घेताना कळतं. शेवटच्या ओळीत बसलेल्या पोराच्या ताटात किती डाळ आणि किती पाणी, हे वाढणारीच्या हातावर असतं. अंडं मात्र कुणाला पातळ करता येत नाही. एक पोरगं, एक अंडं. पुरवठादाराला वजनात मारता येत नाही, आणि कुणाला कमी मिळालं ते पोरगंच आधी ओरडून सांगतं. सरकारी योजनेत इतकी सोपी तपासणी दुसऱ्या कशाची होते, मला माहीत नाही.

आता लोकसहभागाबद्दल, कारण आपण चेंडू आमच्याकडे टोलवलाय.

आमचा पट ५८. त्यात अंडं खाणारी ४१, बाकी केळ्यावर. आठवड्याला अंड्यांचे २८७ रुपये आणि केळ्यांचे ऐंशी-पंच्याऐंशी. २३ आठवड्यांचे साडेआठ हजार. मुंबईत बसून ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्या कोरडवाहू गावात शाळेच्या नावाने साडेआठ हजार गोळा करायचे म्हणजे ज्यांची पोरं जेवणार त्यांच्याच दारात जायचं. आणि ती दारं अंड्याच्या मोसमात, म्हणजे दिवाळीनंतर, बंद असतात. माणसं फडात असतात.

राहिले गावातले बरे लोक. ते देतात, नाही असं नाही. पण काय देतात ते बघा. पोराच्या वाढदिवसाला जिलेबी. पुण्यतिथीला बुंदीचे लाडू. १५ ऑगस्टला वह्या, वर देणाऱ्याचा फोटो. एकाने पाण्याची टाकी दिली, तिच्यावर तीन पिढ्यांची नावं आहेत. गावातल्या लोकांनी पोरांना जेवू घालायची, स्नेहभोजन म्हणून आपण जी योजना काढलीत, तीही आमच्याकडे चालते, त्यात पुरी-भाजी आणि शिरा होतो. मात्र आजवर एकही माणूस आला नाही की बाबांच्या स्मरणार्थ दोन ट्रे अंडी घ्या. येणारही नाही. आपल्याकडे अन्नदान हे पुण्याचं काम आहे, आणि पुण्याच्या पंक्तीत अंडं बसत नाही. जी माणसं स्वतः ढाब्यावर बसून भुर्जी खातात, तीही शाळेला देताना पेढेच देतात. यात त्यांचा दोष काढून उपयोग नाही, ही रीतच आहे. पण ही रीत माहीत असताना अंडं लोकसहभागावर सोडायचं, याचा अर्थ ते बंद करायचं. तसं सरळ लिहिलं असतं तर निदान आमच्यावर प्रश्न आले नसते.

जिथे साखर कारखाना आहे, बागायत आहे, नोकरदार माजी विद्यार्थी आहेत, त्या गावातली शाळा अंडं देईलही. तिथल्या पोरांना घरीही मिळतंय. आमच्याकडे घरीही नाही आणि शाळेतही नाही. ऐच्छिक केल्याने एवढाच फरक पडला.

लाडक्या बहिणीचे दीड हजार माझ्याही खात्यात येतात. त्यातून पोराला अंडी घ्या, असं कुणी म्हणेल, म्हणालेही आहेत. ते पैसे कामाला येतात, दवाखान्याला, किराण्याला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण घरात सहा अंडी आली की ती कुणाच्या ताटात जातात हे कुठल्याही बाईला विचारा. आधी कमावणारा, मग पाहुणा आला तर पाहुणा, मग पोरगा, मग पोरगी. शाळेत चौथीतल्या पोरीला आख्खं एक मिळायचं, कुणाच्या नंतर नाही, कुणाच्या उरलेल्यातलं नाही.

आमच्या लहानपणी शाळेतून शिजवलेलं मिळत नसे. १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी यायचा, हजेरी भरली असेल तर. तो घरच्या पोत्यात मिसळला जायचा आणि सगळे खायचे. शाळेत शिजवून, पोरांच्याच ताटात वाढा, हे सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये सांगावं लागलं. ते का सांगितलं, याचा विसर पडू नये.

दुसऱ्या राज्यांचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोकांना राग येतो, तरी देते. तामिळनाडूत पोरांना शाळेच्या आठवड्यात रोज अंडं मिळतं, पाच दिवस, तेही कित्येक वर्षांपासून. कर्नाटकात, जिथे आमच्या टोळ्या ऊस तोडायला जातात, दोन दिवसांची अंडी सरकार देत होतं. उरलेल्या चार दिवसांसाठी २०२४ मध्ये त्यांनी अझीम प्रेमजी फाउंडेशनबरोबर करार केला. तोही लोकसहभागच म्हणा. पण तो सरकारने राज्यासाठी मिळवला, मुख्याध्यापकाच्या हातात पावतीपुस्तक देऊन त्याला गावात पाठवलं नाही.

केरळचं तर आणखी गमतीचं. तिथे एका अंगणवाडीतल्या चिमुरड्याने उपमा नको, बिर्याणी द्या म्हणून तक्रार केली. त्याच्या आईने तो व्हिडिओ टाकला, तो सगळीकडे फिरला. तिथल्या तेव्हाच्या मंत्री वीणा जॉर्ज यांनी हसण्यावारी नेलं नाही. जून महिन्यात नवं वर्ष सुरू होताना अंगणवाडीचा नवा आहार जाहीर झाला, त्यात अंडा बिर्याणी आहे. आमच्या पाचवीतल्या पोराने व्हिडिओ केला नाही, वहीत पाच ओळी लिहिल्या. त्याची मागणी बिर्याणीची नाही, त्याला होतं तेच हवंय. पाककृती ठरवताना आपण तज्ज्ञांची समिती नेमता, ते ठीक. पण खाणाऱ्याला एकदा विचारा की. शाळाशाळांतून पोरांच्या अशा वह्या मागवल्यात तरी पुष्कळ कळेल, खर्च काहीच नाही. कोणती खिचडी ताटात तशीच राहते आणि दर वेळी कुत्र्यांचीच धन होते, हेही कळेल. (चवळीची. आमच्याकडे तरी.)

आणि महाराष्ट्राकडे अंडी नाहीत असंही नाही. देशभरातल्या अंड्यांचे भाव जाहीर करणारी समिती, एनईसीसी, पुण्यातली आहे. ही समिती १९८२ पासूनची.

या वर्षी शाळेत पुष्कळ बदल आहेत. पहिलीचा अभ्यासक्रम नवा. गणवेश आता पुन्हा समितीने घ्यायचा. पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून तर दोन महिने सगळ्या राज्यात एकच चर्चा होती, वाहिन्यांवर, मोर्च्यांत, आमच्या पारावरही. २९ जूनला आपण हिंदीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतलेत. तेव्हा काढलेला निर्णय मागे घेता येत नाही, असं तर आम्हाला आता कुणी सांगू शकत नाही. अंड्यासाठी मोर्चा निघणार नाही. ज्यांच्या पोरांचं अंडं गेलं त्यांना मोर्चाच्या दिवसाची मजुरी बुडवता येत नाही. म्हणून पत्र लिहिते.

मागणी मोठी नाही. अंड्याचा निधी पुन्हा द्या, २३ आठवड्यांचा दिलात तरी चालेल. दर बाजारभावाप्रमाणे धरा, वर्षाच्या सुरुवातीला एकदा ठरवून पाच रुपयांवर अडकवू नका, थंडीत अंडं महागतं. पैसे शाळेच्या खात्यावर आगाऊ द्या. आधी खर्च करा, मग बिलं लावा, मग वाट पाहा, हे गुरुजींच्या पगारातून किती दिवस चालणार? केळ्याची सोय आहे तशी राहू द्या. आणि स्वयंपाकाच्या मावशींना अंड्याच्या दिवसाचं काहीतरी जास्त द्या, कारण सोलण्याचं काम कुठल्याच हिशोबात धरलेलं नाही.

वेळेचं मात्र पाहा. आत्ता घाई नाही. २५ जुलैला श्रावण लागतोय, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. या दिवसांत आमच्याकडे खाणाऱ्यांच्या घरीही अंडं शिजत नाही, तेव्हा दिलंत तरी परत जाईल. दसरा २ ऑक्टोबरला आहे, दिवाळीनंतर टोळ्या निघतील. आदेश सप्टेंबरमध्ये निघाला आणि पैसे ऑक्टोबरमध्ये शाळेत पोहोचले, तर नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी पातेलं चढवता येईल. आदेश डिसेंबरमध्ये आला आणि पैसे मार्चमध्ये आले, तर परीक्षा आणि ऊन यांत ट्रे फुटण्यापलीकडे काही व्हायचं नाही. तसं होऊ देऊ नका.

पत्राची एक प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिली आहे, पोच घेतली आहे. समितीचा ठराव सोबत जोडला आहे. त्यावर नऊ सह्या आणि दोन अंगठे आहेत. त्यातला एक अंगठा त्या पोराच्या आजीचा आहे.

आपली,
एक पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, बीड जिल्हा
जुलै २०२५